डॉक्टरीणबाई स्विंग बदलतात

दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या मनगटात जोर होता, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. ज्या दाढेपुढे इतरांनी हात टेकले, ती शेवटी त्यांच्या दवाखान्यात यायची आणि मुकाट्याने बाहेर पडायची. पेशंटने डोळे मिटून पुन्हा उघडेपर्यंत ती ट्रेमध्ये पडलेली असायची. साठी उलटून गेली होती, पण बाईंचा हात कापत नव्हता, आवाज खणखणीत होता, आणि एखादी गोष्ट आपल्याला जमणार नाही असं वाटून घ्यायची सवय त्यांना कधी लागलीच नव्हती.

गोल्फच्या मैदानावर मात्र हा सगळा जोर उजवीकडे जायचा.

म्हणजे चेंडू सुटायचा झोकात. निम्म्या वाटेपर्यंत मोठ्या रुबाबात सरळ जायचा, आणि मग एकाएकी माहेरची आठवण झाल्यासारखा उजवीकडे वळून झाडीत, नाहीतर तळ्यात गडप व्हायचा. बाईंनी यावर आपला आपणच इलाज शोधला होता. चेंडू उजवीकडे जातो ना, मग आपण डावीकडे तोंड करून उभं राहायचं. पहिल्या वर्षी थोडंसं डावीकडे, पुढल्या वर्षी आणखी थोडं. हल्ली तर त्या अशा उभ्या राहायच्या, की नवख्या माणसाला वाटावं, या बाई शेजारच्या मैदानात खेळतायत. पण चेंडू वळसा घेऊन कसाबसा हद्दीत यायचा आणि बाई म्हणायच्या, "आला की नाही?"

"कवळी बसत नाही म्हणून जबडा वाकडा करायचा, त्यातला प्रकार आहे हा," असं त्यांचे यजमान म्हणायचे. यजमान जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. ते स्वतः खेळायचे नाहीत. क्लबच्या व्हरांड्यात कॉफी घेऊन शब्दकोडं सोडवत बसायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या खेळावर शेरे मारायचे.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं, पण दर रविवारी समोर विहीणबाई असायच्या.

विहीणबाई म्हणजे सूनबाईची आई. जन्मभर ग्रंथपाल म्हणून नोकरी केलेली, लहानखुरी, हळू आवाजाची बाई. त्यांचा चेंडूही त्यांच्यासारखाच होता. लांब जायचा नाही, उंच उडायचा नाही, पण रुळावरून गेल्यासारखा सरळ जायचा. डॉक्टरीणबाई झाडीत काठीने गवत बाजूला सारत असायच्या, तेवढ्यात विहीणबाई टुकूटुकू पुढे जाऊन होल खिशात घालून मोकळ्या व्हायच्या. आणि वर इतक्या गोड बोलायच्या, की रागावायलाही जागा राहायची नाही.

"अगं बाई, गेला का तळ्यात? वारा होता हो, डॉक्टर."

वारा नसायचा. झाडाचं पान हलत नसायचं.

एका रविवारी डॉक्टरीणबाईंचे लागोपाठ इतके चेंडू तळ्यात गेले, की पिशवीत एकही उरला नाही. विहीणबाईंनी आपल्या पिशवीत हात घातला आणि एक चेंडू काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. "घ्या ना. माझ्याकडे जुने पुष्कळ पडलेत. माझे हरवतच नाहीत बाई, काय करणार!"

डॉक्टरीणबाईंनी चेंडू घेतला, "थँक्यू" म्हटलं, आणि मूग गिळून घरी आल्या.

संध्याकाळी सूनबाई ओट्यापाशी कप विसळत होती. ती क्लबच्या शेजारच्या रेंजवर गोल्फची कोच होती. रेंज म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड, समोर मोठं गवताळ मैदान, त्यात अंतराच्या पाट्या. लोक शेडमध्ये ओळीने उभे राहून मैदानात चेंडू मारण्याचा सराव करत, आणि सूनबाई त्यांना शिकवी. लग्नाला चार-पाच वर्षं झाली होती, पण डॉक्टरीणबाई सुनेचं काम बघायला कधी गेल्या नव्हत्या. आत कुठेतरी त्यांची समजूत अशी होती, की हे काम म्हणजे दुसऱ्यांचे चेंडू गोळा करणं. दोघींचं भांडण नव्हतं, तसं गूळपीठही नव्हतं. कामावर जाणाऱ्या दोन बायका एका घरात जशा राहतात तशा त्या राहायच्या. किल्ली कुठाय, दूध आणलं का, गिझर बंद केलास का, इतकंच बोलणं.

"मला शिकव," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"काय, आई?"

"सरळ मारायला."

सूनबाईने नळ बंद केला. ती हसली नाही, हे डॉक्टरीणबाईंना बरं वाटलं. "आई, मी घरच्यांना शिकवत नाही."

"का बरं?"

"घरच्यांना माझं ऐकायची सवय नसते."

"मी ऐकेन."

पेपरामागे बसलेल्या यजमानांना एकदम ठसका लागला. डॉक्टरीणबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"आणि समोर माझी आई असते, ते लक्षात आहे ना तुमच्या?" सूनबाई म्हणाली. "मी मध्ये कुठे उभी राहू?"

"तुझ्या आईला हरवायचंय असं कोण म्हणतंय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी खरं ते सांगून टाकलं. "म्हणजे, हरवायचंच आहे. पण ते पुढचं. आधी मला एकदा, आयुष्यात एकदा, चेंडू जिथे बघते तिथे गेलेला बघायचाय."

सूनबाईने हात पुसले आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. "ठीक आहे. पण मी सांगेन तोवर मैदानात पाय ठेवायचा नाही. फक्त रेंज. आणि तिथे मी सूनबाई नाही. मी तुम्हाला डॉक्टर म्हणणार, तुम्ही मला कोच म्हणायचं. अहो-जाहो करायचं."

"तुला? अहो?"

"बाकीचे शिकणारे असतात. त्यांच्यासमोर 'ए, इकडे ये' चालायचं नाही."

यजमानांनी पेपर खाली घेतला. "मी उद्यापासून रेंजवर कॉफी प्यायला येतो," ते म्हणाले. "असला योग पुन्हा यायचा नाही."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या आधी, सकाळच्या उन्हात, डॉक्टरीणबाई हिरव्या मॅटवर उभ्या राहिल्या. हातात क्लब, म्हणजे गोल्फची काठी, घेतला, डावीकडे तोंड केलं आणि मान वर करून विचारलं, "चेंडू कुठाय?"

"चेंडूचं नंतर बघू. हे काय धरलंय, डॉक्टर?"

"क्लब."

"नखं पांढरी पडलीत तुमची. ही दाढ नाहीये." सूनबाईने खिशातून टूथपेस्टची ट्यूब काढली, टोपण उघडलं आणि त्यांच्या हातात दिली. "ही धरा क्लबसारखी. आता स्विंग करा. पेस्ट बाहेर येता कामा नये."

डॉक्टरीणबाईंनी हात मागे नेऊन झोकात स्विंग केला. पांढरीशुभ्र पिचकारी शेडच्या खांबापर्यंत उडाली. पलीकडच्या मॅटवरचा जाडजूड गृहस्थ खेळ थांबवून बघत राहिला. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी टूथपेस्ट उडवली ही बातमी दुपारपर्यंत दवाखान्यात पोचली होती.

पहिले कित्येक दिवस चेंडू दिसलाच नाही. बाई नुसत्या क्लब धरायला शिकल्या. डावा हात थोडा आत वळवायचा, बोटांची पेरं वरून दिसली पाहिजेत, आणि पकड इतकी हलकी ठेवायची, की कुणी क्लब ओढला तर अलगद निघून यावा. मग अर्धा स्विंग, कमरेपासून कमरेपर्यंत. त्यानंतर सूनबाईने खरा आजार सांगितला.

"तुमचे खांदे घाईत असतात. क्लब वर गेला की तुम्ही वरूनच ओढता, हातांनी. त्यामुळे क्लब चेंडूला बाहेरून आत कापत येतो आणि चेंडू गिरकी घेऊन उजवीकडे पळतो. खालून सुरुवात करायची. आधी डावा पाय दाबायचा, मग कंबर फिरेल, मग खांदे. हात सगळ्यांत शेवटी."

"अगं, जन्मभर मी सगळं हातांनीच केलंय."

"'अगं' नाही, डॉक्टर."

"अहो," डॉक्टरीणबाई दातओठ खाऊन म्हणाल्या. "अहो कोच, जन्मभर मी सगळं हातांनीच केलंय."

"दवाखान्यात हात पहिला. इथे शेवटचा. पुन्हा करा."

बाईंनी पुन्हा केलं. एकदा मनावर घेतलं की अर्धवट सोडायचं नाही, हा त्यांचा स्वभावच होता. दवाखान्यात दोन पेशंटच्या मधे त्या छत्री घेऊन आरशासमोर उभ्या राहायच्या. एकदा तर एक पेशंट तोंड उघडून खुर्चीत पडलेला, आणि बाई इंजेक्शन भरता भरता स्वतःशीच पुटपुटत होत्या, "आधी पाय, मग कंबर, हात शेवटी." त्या बिचाऱ्याने खुर्चीचे दोन्ही दांडे घट्ट धरले. शेवटी रिसेप्शनवरच्या मुलीने त्याला समजावलं, की हे दातांबद्दल नाहीये.

मग एका सकाळी चेंडू आला, आणि खरी परवड सुरू झाली. पहिला फटका मॅटलाच बसला. दुसऱ्याने चेंडू चार हात घरंगळला. तिसरा शेडच्या पत्र्यावर आदळला आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. आठवडे गेले तरी तीच गत. पूर्वी चेंडू निदान एकनिष्ठेने उजवीकडे जायचा, आता त्याला काही धरबंधच राहिला नाही. पलीकडचा जाडजूड गृहस्थ उंटावरून शेळ्या हाकायचा, "बाई, जरा घट्ट धरा, जोर लावा!" आणि यजमान कॉफीचा घोट घेत म्हणायचे, "सुंभ जळतोय हं. पीळ कधी जातोय ते बघायचं."

"अहो, तुम्ही शब्दकोडं सोडवा," बाई म्हणायच्या.

खरं सांगायचं तर त्यांना याचं फारसं वाईट वाटत नव्हतं. त्यांच्याकडे दातांना तारा लावायला पोरीसोरी यायच्या. दोन-तीन महिन्यांनी एखादी रडवेली होऊन सांगायची, "डॉक्टर, माझे दात हलायला लागले." आणि बाई दरवेळी तेच उत्तर द्यायच्या. वाकडा दात सरकायचा असला की आधी थोडा हलतोच. नवीन जागी बसला की पुन्हा घट्ट होतो. तोवर तारेला हात लावायचा नाही. हे त्या इतक्या जणींना सांगत आल्या होत्या, की आता स्वतःला सांगताना त्यांना शब्द शोधावे लागले नाहीत. हलतोय ना स्विंग? म्हणजे सरकतोय.

दुसरंही एक कारण होतं. रोज सकाळी त्या थोड्या लवकर जायच्या आणि बाकावर बसून सुनेला काम करताना बघायच्या. तो जाडजूड गृहस्थ सूनबाईचाच शिष्य होता. रोज तीच चूक करायचा आणि रोज क्लबला दोष द्यायचा, नाचता येईना अंगण वाकडं. सूनबाई एकदाही आवाज चढवायची नाही. काल जे सांगितलं तेच आज नव्या शब्दांत सांगायची, त्याच्या खांद्यावर दोन बोटं ठेवून नेमका कुठला स्नायू आखडलाय ते दाखवायची, आणि एखादा फटका बरा बसला की मोठ्याने कौतुक न करता नुसतं म्हणायची, "हा आठवणीत ठेवा." घरी गिझर बंद करायला विसरणारी ती हीच, यावर डॉक्टरीणबाईंचा विश्वास बसेना. इतक्या वर्षांत आपल्या हाताखाली शिकून गेलेल्या तरुण डॉक्टरांना आपण इतक्या धीराने कधी शिकवलं होतं का, असा प्रश्न त्यांना पडला. उत्तर त्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी रेंजवरून निघताना त्या म्हणाल्या, "कोच, येते मी," आणि त्या 'कोच'मध्ये या खेपेला जराही कुचकेपणा नव्हता. सूनबाईच्या ते लक्षात आलं. संध्याकाळी तिने सासूच्या आवडीचं सूप केलं.

हळूहळू चेंडू हवेत जाऊ लागला. मग लांब जाऊ लागला. आवाजही बदलला. पूर्वी खरवडल्यासारखा यायचा, आता टणक, स्वच्छ येऊ लागला. एके दिवशी सूनबाई म्हणाली, "आता एकदा मैदानात खेळून या. नवीन स्विंग घेऊनच खेळायचं. किती हरलात ते मला सांगू नका, चेंडू कुठे गेले ते सांगा."

विहीणबाई खूश झाल्या. "बरेच दिवस दिसला नाहीत, डॉक्टर. मला वाटलं हात दुखावला की काय." आणि मग त्यांनी नेहमीसारखं गोड बोलत बोलत डॉक्टरीणबाईंना असं धुतलं, की व्हरांड्यातल्या यजमानांनी शेरा मारायचंही टाळलं.

डॉक्टरीणबाई तडक रेंजवर आल्या आणि पिशवी धाडकन खाली ठेवली. "डावीकडे!" त्या म्हणाल्या. "सगळे डावीकडे! सगळे डावीकडच्या झाडीत! उजवीकडून काढलं आणि डावीकडे घातलं तुम्ही मला!"

"सगळे?"

"सगळे."

"वळून गेले की सरळ गेले?"

बाईंनी आठवून बघितलं. "सरळ," त्या म्हणाल्या. "सुतासारखे सरळ. झाडीत."

सूनबाई आधी गालातल्या गालात हसली, मग तिला हसू आवरेना. शेजारच्या मॅटवरचे लोक बघायला लागले. "मारा बघू एक," ती कशीबशी म्हणाली. "नेहमीसारख्या उभ्या राहा. त्या मधल्या पाटीवर मारायचंय." बाई उभ्या राहिल्या. "आता हलू नका." तिने एक क्लब घेतला आणि बाईंच्या बुटांच्या टोकांना टेकवून मॅटवर आडवा ठेवला. "आता मागे येऊन बघा, हा कुठे रोखलाय."

डॉक्टरीणबाई मागे आल्या आणि बघतच राहिल्या. क्लब मधल्या पाटीकडे नव्हताच. तो पार डावीकडे, कुंपणाकडे बोट दाखवत होता.

"स्विंग केव्हाच सरळ झालाय, डॉक्टर," सूनबाई म्हणाली. "पाय अजून जुन्या चेंडूसाठी उभे आहेत."

डॉक्टरीणबाई तशाच उभ्या राहिल्या. म्हणजे आपण आज सकाळभर एकही वाकडा फटका मारला नव्हता. जिथे रोखून उभ्या होतो, तिथेच प्रत्येक चेंडू गेला होता. त्या एकदम इतक्या मोठ्याने हसल्या, की जाडजूड गृहस्थाचा फटका चुकला आणि त्याला दोष द्यायला आयतं कारण मिळालं.

पण वाटलं होतं त्यापेक्षा हे शेवटचं काम अवघड निघालं. हात ऐकायला शिकले होते, डोळे ऐकेनात. पाय सरळ ठेवले की बाईंना वाटायचं, आपण थेट तळ्याकडे तोंड करून उभ्या आहोत, आता चेंडू बुडणार. मान डावीकडे ओढ घ्यायची. दवाखान्याच्या फरशीवर सरळ रेघा होत्या. बाई त्या रेघांना पाय लावून उभ्या राहायच्या आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायच्या. सरळ म्हणजे कसं वाटतं, हे त्या अंगाला शिकवत होत्या. वाटणं आणि असणं यांत इतकं अंतर असू शकतं, याची त्यांना मोठी गंमत वाटू लागली होती. एका दुपारी घड्याळ अगदी समोर, नाकाच्या रेषेत आलं, आणि त्यांना काहीच विचित्र वाटलं नाही. त्या दिवशी त्यांनी विहीणबाईंना फोन केला.

"रविवारी खेळायचं का? पूर्ण नऊ होल. चांगली मॅच."

"अवश्य," विहीणबाई म्हणाल्या. "चेंडू आणू ना जास्तीचे?"

"नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एक पुरे होईल."

सूनबाईने मॅच बघायला यायला साफ नकार दिला. "एकीकडे आई, दुसरीकडे आई. मी टाळ्या कुणासाठी वाजवू? मी रेंजवर आहे. संपलं की सांगा."

रविवारी हवा स्वच्छ होती. पहिल्या होलवर डॉक्टरीणबाईंनी पाय सरळ रोखले, तेव्हा विहीणबाई न राहवून म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही आज तिकडे तोंड नाही केलंत?"

"नाही," बाई म्हणाल्या आणि मारला.

चेंडू गेला. निम्म्या वाटेपर्यंत सरळ गेला, आणि मग पुढेही सरळच गेला. गवताच्या मधोमध पडला, उड्या मारत आणखी पुढे गेला आणि थांबला. विहीणबाईंनी कपाळावर हात आडवा धरून तो कुठे थांबला ते बघितलं. त्यांच्याकडे या प्रसंगासाठी गोड वाक्य नव्हतं. तशी वेळच कधी आली नव्हती.

याचा अर्थ मॅच सोपी गेली असा नाही. ज्या होलवर जिचे फटके कमी, तो होल तिचा, असा हिशोब. लांब फटक्यात आता डॉक्टरीणबाई पुढे होत्या, पण चेंडू होलजवळच्या बारीक कापलेल्या गवतावर, ग्रीनवर, आला की विहीणबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिथे त्या पुस्तक फळीवर परत ठेवावं इतक्या अलगद चेंडू होलात सोडायच्या. डॉक्टरीणबाईंचे छोटे फटके मात्र काठावरून हुलकावणी देऊन जायचे. एक होल हिचा, एक तिचा, असं चाललं. मध्ये एका ठिकाणी बाईंना मोह झाला, जरा जास्तच जोर लावावा. खांद्यांनी घाई केली, आणि चेंडू जुन्या सवयीने वळून उजवीकडच्या झाडीत गेला.

"अरेरे," विहीणबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात जुना गोडवा परतला.

"जुन्या सवयीला मीच बोलावलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. झाडीत जाऊन त्यांनी चेंडू शोधला, तो होल विहीणबाईंना देऊन टाकला आणि पुढच्या होलवर अशा उभ्या राहिल्या, जणू मधे काही घडलंच नव्हतं. दाढ काढताना मूळ तुटलं तर पेशंटसमोर कपाळाला हात लावायचा नसतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

शेवटच्या होलपाशी दोघी बरोबरीत होत्या. हाच तो तळ्याचा होल. गवताची पट्टी लांब पुढे गेलेली, उजव्या हाताला ते पाणी, आणि पाण्याच्या टोकाला, जवळजवळ काठावरच, ग्रीन. विहीणबाईंनी आधी मारला. छोटा, सरळ, पाण्यापासून दूर. मग त्या बाजूला झाल्या.

डॉक्टरीणबाईंनी चेंडूमागे उभं राहून समोर बघितलं. डावीकडे भरपूर मोकळी जागा होती. तिकडे मारलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण सरळ रेषा पाण्याच्या काठाकाठाने जात होती. त्या चेंडूपाशी आल्या आणि पाय त्या रेषेला लावले. डावीकडे मान ओढली जाते का, याची त्यांनी वाट बघितली. मान ओढली गेली नाही. हातातला क्लब कुणी ओढला असता तर अलगद निघून आला असता. त्यांनी तो वर नेला, आणि डावा पाय जमिनीत दाबला. बाकीचं सगळं आपापल्या पाळीने आलं.

तो आवाज व्हरांड्यापर्यंत गेला. यजमानांनी शब्दकोड्यातून मान वर केली, तेव्हा चेंडू पाण्याच्या वर होता, काठाच्या रेषेत, आणि तो कुठेही वळत नव्हता. तो ग्रीनच्या अलीकडे जमिनीवर उतरला. यजमान उठून उभे राहिले, तोंडावर आलेला शेरा त्यांनी गिळला आणि नुसतेच टाळ्या वाजवू लागले.

दुसऱ्या फटक्यात बाई ग्रीनवर आल्या. विहीणबाईंना तिथे यायला तीन लागले, पण त्यांचा पुढचा फटका लांबचा असूनही त्यांच्या आवाक्यातला होता. तो आत गेला असता तर मॅच बहुधा बरोबरीत सुटली असती. विहीणबाई बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग त्यांनी चेंडू सोडला. तो आला, आला, होलच्या काठाला लागला, अर्धा वळसा घेतला, आणि बाहेरच थांबला.

डॉक्टरीणबाईंनी आपला चेंडू आधी होलाजवळ आणला आणि मग, श्वास रोखून, आत ढकलला.

विहीणबाई पुढे आल्या, हात मिळवला. त्यांचे कान लाल झाले होते. त्या बोलल्या तेव्हा तो आवाज डॉक्टरीणबाईंनी आजवर कधी ऐकला नव्हता.

"मला राग आलाय, डॉक्टर."

"हो?"

"हो. खूप. इतकी वर्षं जिंकून मला सवयच लागली होती तुमच्याशी गोड बोलायची." त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि वारा घेतला. "आणि खरं सांगू? बरं वाटतंय. कित्येक वर्षांत हातपाय इतके शिवशिवले नव्हते. पुढच्या रविवारी मी तुम्हाला सोडणार नाही, हे लक्षात ठेवा."

"नकाच सोडू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि ते छोटे फटके तुम्ही कसे मारता, तेवढं सांगा."

"ते कशाला सांगेन मी?" विहीणबाई म्हणाल्या, आणि दोघीही खो-खो हसत सुटल्या.

तशाच हसत त्या पिशव्या ओढत रेंजवर आल्या. सूनबाई जाडजूड गृहस्थाला शिकवत होती. तिने आळीपाळीने दोघींच्या तोंडाकडे बघितलं, पण कोण जिंकलं ते तिला काही कळेना.

"तुझी सासू जिंकली," विहीणबाई म्हणाल्या. "आता मला एक सांग, इतकं लांब मारायचं तर कंबर नेमकी कधी फिरवायची?"

"आई, तू माझ्याकडे शिकणार?" सूनबाईने विचारलं. तिने टोपी डोळ्यांवर ओढली. "बसा दोघी. यांचा तास संपू दे."

दोघी बाकावर बसल्या. गृहस्थाने चेंडूपुढे पाय रोवले, क्लब घट्ट आवळला आणि वर नेला.

"खांदे बघा कसे आखडलेत," डॉक्टरीणबाई विहिणीच्या कानात म्हणाल्या.

"आणि पाय कुठे आहेत त्याचे!" विहीणबाई म्हणाल्या.

सूनबाईने मागे वळून नुसतं बघितलं. दोघी विहिणी एकदम गप्प झाल्या.